बाद कार्डांचा डबा : शहापूर-खानापूरचे पाच दिवस

गुरुवार

कागल मागे पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला आणि कोगनोळीच्या नाक्यानंतरच्या पहिल्याच चहाच्या गाड्यावर बाबांची भाषा बदलली. "साखर कमी घाल की बा. चहा हाय का पाक ह्यो?" पुण्यात पंचेचाळीस वर्षं काढलेला माणूस हा. मी हसले, तर म्हणाले, "हसतीस काय? आता सोमवारपर्यंत असंच."

शनिवारी बेळगावातल्या शहापूरला माईआत्याचं वर्षश्राद्ध होतं. माई बाबांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. गेल्या आषाढात गेली, ऐंशी पुरी करून. तेव्हा बाबांना ताप होता, अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. ते त्यांच्या मनात वर्षभर सलत होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांना न विचारताच त्यांनी बॅग भरली.

निपाणीत शिरता शिरता खिडकीतून तंबाखूचा वास आला. याच रस्त्यावर १९८१ साली तंबाखूवाले शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ठाण मांडून बसले होते. आमच्या घरात त्या आंदोलनाची आठवण वेगळ्या कारणाने निघते. माझं बारसं त्याच दिवसांत झालं आणि रस्ता बंद म्हणून आत्या आली नाही. बारशाला आत्या नाही म्हणजे कानात नाव कोण सांगणार? शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं. माईचं कार्ड आठ दिवसांनी आलं : "नाव चांगलं आहे. पण मी सांगितलं नाही, तेव्हा ते कच्चं आहे असं समजा."

तवंदीचा घाट, संकेश्वर, काकती. पाऊस असा की वायपर थकले. बेळगावात किल्ल्यापाशी पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. कपिलेश्वराच्या पुलावरून शहापुरात उतरलो. दारात वहिनी छत्री घेऊन उभी.

"या की मामंजी. मी केव्हाचा वाट बघालोय."

ज्यांनी बेळगाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी : इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो, मी केलो' असं बोलतात. पुण्याहून येणाऱ्याला पहिल्यांदा गंमत वाटते. पु. ल. देशपांडे इथे राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, त्यांच्या कानानेही हे टिपलंच असणार. मला मात्र ही भाषा म्हणजे माईचा फोन. "मी माई बोलतो गं." फोनवर कुणी बाई 'बोलते' म्हणाली की लहानपणी मला ती परकी वाटायची.

शुक्रवार

सकाळी पाऊस उघडला. दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, भटजींकडे जायचं होतं. बाबा म्हणाले, आपण लायब्ररीत जाऊन येऊ.

बेळगावात वाचनालय म्हटलं की लोक १८४८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाकडे बोट दाखवतात. माईचं ते नव्हे. तिचं धाकटं, एका दुकानावरच्या माडीतलं, वर्गणीदारांच्या जिवावर चाललेलं. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला आधी हाक मारायची. आजही तसाच आहे. भिंतीवर १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचा फोटो आहे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेच हे संमेलन. फोटोतली माणसं आता पार पिवळी पडली आहेत. काउंटरवर एक तरुण मुलगी मोबाइल चार्ज करत बसली होती. माईचं नाव सांगितल्यावर ती उठून उभी राहिली, आणि वर्तमानपत्राच्या टेबलावरचे एक मास्तर चष्मा काढून आमच्याकडे आले.

माईला इथे नोकरी कशी लागली याची आमच्या घरात दोन कथनं आहेत, मास्तरांनी तिसरं दिलं. तिन्हींत मुळातली गोष्ट एकच. माई मॅट्रिक होऊन १९६३ साली लग्न होऊन शहापुरात आली. नवरा साड्यांच्या पेढीवर हिशेब लिहायचा. माझे ते मामा. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. घर मागवाल्यांच्या गल्लीत, दिवसभर खटक-खटक. सासू अंगठाबहाद्दर. तिला सगळे अव्वा म्हणत. सुनेने पुस्तक घेऊन बसणं सासऱ्यांना चालायचं नाही. तेव्हा अव्वाने तोड काढली : "माझ्या नावावर आण. म्हातारीला कोण इचारतंय?"

आणि मग या वाचनालयात एक अशी सभासद तयार झाली, जिला अक्षर येत नव्हतं आणि जी आठवड्याला तीन पुस्तकं संपवत होती. रात्री सासरे झोपले की स्वयंपाकघरात माई हलक्या आवाजात वाचायची, अव्वा निपाणीची तंबाखू मळत ऐकायची. खलनायकाला कन्नडमधून शिव्या घालायची. पुस्तक परत करायला अव्वा स्वतः जिना चढून जायची, कारण नाव तिचं होतं.

पुढे काय झालं यावर मतभेद. दादा म्हणतो, तेव्हाचे ग्रंथपाल वार्षिक सभेत 'उत्कृष्ट वाचक' म्हणून अव्वाचा सत्कार करायला निघाले आणि बिंग फुटलं. मला ही आवृत्ती पटत नाही, फारच नाटकी आहे. बाबा म्हणतात, अव्वानेच एक दिवस काउंटरवर सांगून टाकलं, "वाचतीया ती सून माझी. तिला हितं कामाला घ्या, म्हणजे मला जिना चढायला नको." मास्तरांचं म्हणणं, ग्रंथपालांना पहिल्या महिन्यातच कळलं होतं. अव्वाने एकदा पुस्तक उलटं धरून चित्रं नाहीत म्हणून तक्रार केली होती. त्यांनी सात वर्षं ओळख दाखवली नाही, आणि १९७१ साली जागा निघाली तेव्हा निरोप थेट घरी पाठवला. मला मास्तरांचं खरं वाटतं. गप्प बसणारी माणसं पूर्वी जास्त होती.

पगार साठ रुपये. काम म्हणाल तर झाडण्यापासून देवघेवीपर्यंत सगळं. सकाळचं वाचनालय आठ ते अकरा, संध्याकाळचं साडेचार ते आठ. मधल्या वेळात घर. पहाटेची भाकरी, मामांचा डबा, सासऱ्यांची पथ्यं, दादाची शाळा. वाचनालयातल्या बाईला घर असतं आणि घरातल्या बाईला वाचनालय, हे दोन्हीकडच्या लोकांना बरीच वर्षं कळलं नसावं. घरी उशीर झाला की 'कुठं बसलीस?' आणि तिकडे पाच मिनिटं उशीर झाला की 'घरातलं आटपत नाही काय?'

पण तिने दोन्हीकडची हत्यारं एकत्र करून टाकली. बेळगावचा पाऊस पुस्तकांचा वैरी. जुलैत कापडी बांधणीवर पांढरी बुरशी येते, ऑगस्टमध्ये तिला वास येतो. माई घरून तव्यावर कोरडी करून आणलेली फडकी घेऊन जायची. एकेक पुस्तक पुसून, पानं पंख्यासारखी उघडून, उभं ठेवायची. तान्ह्या बाळासाठी उगाळतात ते वेखंड कपाटांच्या कोपऱ्यांत, सोबत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. सुटलेल्या पुठ्ठ्यांसाठी खळ घरच्या चुलीवर शिजायची. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली असायची आणि ते कुणी हलवायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना त्या निळसर खळीला बोट लावलं होतं. माईने हात धरून तीनदा साबणाने धुतला आणि मग इतकी रागावली की मी रडायच्या ऐवजी उचकी देत बसले. पुस्तकांच्या पाठीला लावायच्या पट्ट्या जुन्या शहापुरी लुगड्यांच्या. मास्तरांनी एक पुस्तक काढून दाखवलं, पाठीवर अजून जांभळा काठ होता.

"हे तुमच्या अव्वांच्या लुगड्याचं असेल," ते म्हणाले. असेलही. बाबांनी त्या काठावरून अंगठा फिरवला आणि पुस्तक परत जागेवर ठेवलं, उलटं. काउंटरवरच्या मुलीने येऊन सरळ केलं.

मग कन्नड कपाट. मला सगळ्यात हेच बघायचं होतं.

सत्तरच्या दशकात एका हवालदाराची बायको वर्गणीदार व्हायला आली. धारवाडकडची, मराठी कामापुरतं. तिला वाचायला कन्नड हवं होतं आणि इथे पुस्तकं सगळी मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून या गावात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो. कार्यकारिणीतल्या एकाने सरळ सांगितलं, कन्नड पुस्तक आत येणार नाही. माईने वाद घातला नाही. ती तेव्हा ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग करत होती, पुस्तकं विषयवार लावायचे ड्यूईचे आकडे घोकत होती. देणगीत आलेली आठ-दहा कन्नड पुस्तकं तिने दाखल नोंदवहीत चढवली, पाठीवर आकडा घातला आणि आकड्याच्या जागी लावून टाकली. मराठी साहित्य ८९१.४६, कन्नड ८९४.८१४. विचारणाऱ्याला म्हणाली, "मी ठेवलो नाही. आकडा तिथं आला."

ती गंमत मला सांगायची : ड्यूईच्या फळीवर मराठीकडून कन्नडकडे निघालं तर वाटेत रशियन लागते, मग अरबी, तुर्की, हंगेरियन. "शेजारणीकडं जायला सगळं जग फिरून यायचं," म्हणायची. प्रत्यक्षात तिच्याकडे मधली पुस्तकं नव्हतीच. त्यामुळे मराठी संपलं की लगेच कन्नड सुरू व्हायचं.

हवालदारीणबाईंनी बदल्यात तिला कन्नड अक्षरं शिकवली. दुपारी, तांदूळ निवडता निवडता.

१९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. संचारबंदी उठल्यावर वाचनालय उघडलं तेव्हा सगळ्यांचीच पुस्तकं मुदतीबाहेर. त्या वर्षीची दंडाची वही मुलीने शोधून दिली. माईचं उभं, किंचित मागे कललेलं अक्षर. पानभर नावं, रकमेच्या रकान्यात एकच कंस, आणि कंसापुढे : 'संचारबंदी. दंड नाही.' त्या यादीत हवालदारीणबाई आहेत आणि ज्या घरातला मुलगा लाठी खाऊन आला होता तेही घर आहे, एकाखाली एक. हवालदारीणबाई नंतर दोन महिने आल्या नाहीत. आपण आता जिना चढावा की नाही, त्यांना कळेना. माईच पिशवीत दोन पुस्तकं घालून त्यांच्या क्वार्टरवर गेली. घरी यायला उशीर झाला. मामांनी विचारलं, कुठं बसलीस? तिने खरं सांगितलं, आणि मामा दोन दिवस बोलले नाहीत. हे दादाने सांगितलं, रात्री जेवताना, ताटाकडे बघत.

शनिवार

श्राद्ध झालं. वडे, खीर, आमसुलाची चटणी. कावळा तिसऱ्या मिनिटाला शिवला. दादा म्हणाला, माई कधी कुणाला ताटकळत ठेवायची नाही.

दुपारी वहिनीने आवरायला घेतलं आणि मसाल्याच्या फळीवरून एक लांबट पत्र्याचा डबा काढला. आत वाचनालयाची तालिका-कार्डं. पुस्तक फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं की त्याचं कार्ड रद्द होतं. माई ती फेकायची नाही, रीतसर परवानगी काढून घरी आणायची. कार्डाच्या एका बाजूला लेखक, नाव, दाखल क्रमांक, त्यावर तिरकी लाल रेघ आणि 'बाद'. दुसऱ्या बाजूला तिचा संसार.

'वाळवी, १९९४' असं लिहून बाद केलेल्या एका ऐतिहासिक कादंबरीच्या पाठीवर आलेपाकाचं प्रमाण. 'सभासद मयत, पुस्तक मिळाले नाही', मागे पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि खाली 'बाबूला फार आवडते'. बाबू म्हणजे आमचे बाबा. एका ज्योतिषाच्या पुस्तकामागे धोब्याचा हिशेब. एका कवितासंग्रहामागे मांड्यांची कृती, पण अर्धीच. शेवटी 'हात बघून शिकावे, लिहून येत नाही'. कडोलीच्या साहित्य संमेलनाला जाताना सोबत काय न्यायचं त्याची यादी : सतरंजी, पाण्याची बाटली, दशम्या, 'ग्रंथदिंडीसाठी काठापदराचे'. कार्डं लावलेलीही क्रमाने, मधे पुठ्ठ्याच्या खुणा घालून. लोणची, औषधं, देणी-घेणी, माहेर.

'माहेर' या खुणेमागे चार-पाचच कार्डं होती. एकावर खानापूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीचे सर्व्हे नंबर. आणि एकावर कन्नड मुळाक्षरं, पेन्सिलीने, थरथरत्या मोठ्या अक्षरांत, प्रत्येकाखाली मराठी अक्षर. 'ळ'पाशी खूण करून लिहिलं होतं : 'हे आपल्यासारखेच आहे'.

मी ते कार्ड बाजूला ठेवलं. म्हटलं, जाताना मागून घेऊ.

रविवार

बाबांना नंदगडकडच्या गावी जायचं होतं. गावाचं नाव देत नाही, शंभरेक उंबऱ्यांचं आहे. दादाची मुलगी, नववीतली, आमच्याबरोबर निघाली. तिला गाडीत पुढे बसायचं होतं.

खानापूरला मलप्रभा दोन्ही थडी भरून गढूळ चालली होती. उगम इथून फार लांब नाही, कणकुंबीला. तरी हिचा एवढा थोराड आवाज. पुलावर गाडी थांबवून बाबांनी हात जोडले. कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या पावसाने गार पडलेल्या. पुढे साग, मग भाताची खाचरं, चिखलात गुडघाभर बुडालेल्या बायका. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबलो. किट्टूरच्या या शिलेदाराला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला इथे फाशी दिली. माई याच वाटेने शाळेला जायची, बाबा सांगत होते. वडाखाली चिंचा खायची आणि रायण्णाला म्हणायची, गणिताच्या तासाला सांभाळ.

गावात चुलतभावांकडे तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन झाल्यावर खरं काम निघालं. जमिनीचा उतारा. पूर्वी तो मराठीत मिळायचा, मग कन्नडमध्ये यायला लागला. पुढे 'भूमी' योजनेत संगणकावर गेला. गावातल्या निम्म्या लोकांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नाही. इतकी वर्षं ही मंडळी तो घेऊन शहापूरला माईकडे जायची. हवालदारीणबाईंकडून शिकलेली अक्षरं कथा-कादंबऱ्यांपेक्षा या कामाला जास्त आली. चुलते म्हणाले, "माई होती तोवर वकील लागला नाही बघ." सणासुदीला नव्हे, कागद आला की माहेरची माणसं यायची. तीही त्यांना जेवायला वाढून मग चष्मा लावायची. आधी वाचलं तर वाईट बातमीवर जेवण जाईना, हा अनुभव.

यंदा कागद येऊन सहा महिने तसाच पडलेला. मी फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघितलं. त्याने सर्व्हे नंबरच्या पुढे 'गोड कोरडे आजोबा' असं काहीतरी दिलं. चुलते माझ्याकडे, मग फोनकडे बघत राहिले.

"आण इकडं," पोर म्हणाली.

मराठी शाळा, पण कन्नड शिकावंच लागतं. तिने जिन्यावर बसून कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागली. क्षेत्र किती, आकार किती, पाणी कुठलं. मग खातेदार. आजोबांचं नाव गेलेलं, तीन काकांची आलेली, बाबांचं. आणि खाली आणखी एक. तिने ते एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने, पहिलं नाव, वडिलांचं नाव.

बाबांना माहीत नव्हतं. चुलत्यांनाही नव्हतं. आजोबा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी तलाठ्याने कायद्याप्रमाणे मुलीचं नाव घातलं असेल, आणि हक्कसोडपत्र करायचं राहून गेलं असेल. पण हा उतारा माईने त्यानंतर किती वेळा वाचून दाखवला होता! क्षेत्र वाचलं, आकार वाचला, भावांची नावं वाचली. तेवढं एक वाचलं नाही.

कुणीच काही बोललं नाही. चुलती आत जाऊन चहा टाकायला लागली. थोड्या वेळाने मोठे चुलते म्हणाले, "हितं आता वारसा लावायला पायजे. दादाचं नाव घालू." आणि मग, जरा थांबून, "तिनं मागितलं असतं तर दिलं असतं की आम्ही." बाबा म्हणाले, "दिलं असतंस काय?" ते म्हणाले, "आता काय सांगू."

परत येताना बाबा मागच्या सीटवर झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

सोमवार

सात वाजता निघायचं ठरलं आणि नऊ वाजले. कुंद्याचे डबे, वहिनीने दिलेली पुंडी ओल्या फडक्यात गुंडाळून, बेळगावचा तांदूळ पाच किलो. मी वहिनीला कार्डांच्या डब्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, डबा नाही देणार, रोज लागतो, पण त्यातलं एखादं घे की. मी म्हटलं, मला मुळाक्षरांचं हवंय.

शोधलं तर 'माहेर'च्या खुणेमागे ते नव्हतं.

पोर शाळेचे बूट घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मी काढून ठेवलोय, आत्या. माझ्या कंपासात हाय." आणि लेस बांधून झाल्यावर, "तुला आलेपाकाचं देतो की."